परमिट रूमचा पडदा

नाशिकला रविवार कारंजावरून आमच्या वाड्याकडे येताना वाटेत एक परमिट रूम लागायची. रस्त्यावर पाटी, पाटीवर भगभगीत ट्यूबलाइट आणि दाराला मरून रंगाचा रेक्झिनचा पडदा. हात लागून लागून त्याची उजवी कड काळी पडलेली. पडदा जमिनीच्या वीतभर वरच संपायचा, त्यामुळे आत बसलेल्यांचे चेहरे दिसले नाहीत तरी चपला दिसायच्या. साल १९८०, मी बारा वर्षांची. गल्लीतल्या निम्म्या पुरुषांना मी चपलांवरून ओळखायचे. उन्हाळ्यात ओसरीवर बसून दुसरं करायचं काय!

त्या बाजूनं चालायचं नाही, असं मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. आई माझा हात धरून तिथं आपसूक रस्ता ओलांडायची आणि दोन दुकानं मागे पडली की परत अलीकडे यायची. पलीकडच्या कडेला उघडं गटार होतं, तरी. पुढे एकटी जायला लागले तेव्हा मीही ओलांडायला लागले. मैत्रिणीही ओलांडायच्या. गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या पायांना तो वळसा पाठ होता.

एकदा संध्याकाळी क्लासवरून येताना मी नेमकी पडद्यासमोर असतानाच आतून एक माणूस बाहेर पडला. पडदा बाजूला झाला, आणि आमच्याच वाड्यातले एक काका मला समोर दिसले. नाव कशाला घेऊ, नातवंडं आहेत त्यांची. घरी कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. काकांपुढे ग्लास होता, पण माझं लक्ष ग्लासाकडे गेलंच नाही. ते उकडलेलं अंडं सोलत होते. इतकं हळुवार, की टरफल एका अखंड पट्टीत निघत होतं. त्यांनी मान वर केली, मी पाहिलं, त्यांनी पाहिलं, पडदा पडला.

त्यानंतर वाड्याच्या जिन्यात भेटले की ते मला विचारायचे, ‘काय गं, अभ्यास कसा चाललाय?’ त्याआधी बारा वर्षांत त्यांनी मला एकदाही काही विचारलं नव्हतं. मी म्हणायचे, ‘छान चाललाय.’ आमचा तेवढाच करार होता आणि तो दोघांनीही शेवटपर्यंत पाळला. दारूचं त्यांना तितकंसं वाटलं नसावं, अंड्याचं वाटलं असावं.

हे सगळं आठवलं ते न्यूयॉर्कमध्ये, एका टेलिफोन बूथमध्ये उभी असताना.

गेल्या मे महिन्यात भाचीकडे जर्सी सिटीला गेले होते. तिला एक छंद आहे. त्या शहरात जे लपलेले बार आहेत, ते हुडकत हिंडायचं. कुठे कॉफीच्या दुकानाच्या मागे, कुठे न्हाव्याच्या दुकानातून आत, कुठे बाहेर पाटीच नाही, नुसता दिवा. तिच्या फोनमध्ये त्यांची यादी आहे, आणि पाहून झालेल्या जागेपुढे ती बरोबरची खूण करते, आपल्याकडे अष्टविनायक करतात तशी. ‘मावशी, तुला एक गंमत दाखवते,’ ती म्हणाली, ‘पण कुणाला सांगू नकोस.’ त्या जागेचं नावच मुळी ‘प्लीज डोन्ट टेल’ आहे, हे मला नंतर कळलं.

आधी तिनं मला एका न लपलेल्या जागी नेलं. नाइन्थ स्ट्रीटला ट्रेनमधून उतरलो आणि पूर्वेकडे चालत गेलो. सातव्या रस्त्यावर मॅकसोर्लीज नावाचं जुनं एलघर आहे. एल म्हणजे बीअरचाच एक प्रकार. १८५४ पासूनचं, असा त्यांचा दावा. दार सरळ रस्त्यावर उघडतं, पडदा नाही, काच काळी नाही. जमिनीवर लाकडाचा भुसा. प्यायला दोनच गोष्टी, काळी एल किंवा पिवळी एल, आणि एक मागितली तर दोन मग येतात. सोबत चीज, बिस्किटं, कच्चा कांदा आणि नाकात झिणझिण्या आणणारी मोहरी. कांदा पाहून मला एकदम लासलगाव आठवलं आणि बरं वाटलं.

या दुकानाचं जुनं ब्रीद होतं: उत्तम एल, कच्चा कांदा आणि बाईमाणूस नको. ते त्यांनी १९७० पर्यंत पाळलं. दोन बायका कोर्टात गेल्या, शहरानं कायदा केला, तेव्हा कुठे त्या ऑगस्टमध्ये बायकांना आत घ्यावं लागलं. बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह व्हायला आणखी सोळा वर्षं. पण मला चटका लावून गेली ती दुसरीच गोष्ट. १९३९ पासून या दुकानाची मालकीणच एक बाई होती, डोरोथी कर्वन. वडिलांकडून दुकान तिच्याकडे आलं. बायकांना आत घेणार नाही असा शब्द तिनं वडिलांना दिलेला, त्यामुळे स्वतःच्या दुकानात ती दुकान बंद असतानाच यायची. १९७० मध्ये मुलगा म्हणाला, पहिली बाई म्हणून आत तूच ये. ती नाही म्हणाली. वडिलांना शब्द दिला होता ना!

भाची म्हणाली, ‘काय वेडी बाई!’ मला वेडी वाटली नाही. उलट ती मला आमच्या गल्लीतली वाटली. गटाराच्या बाजूनं चालणारी.

तिथून दहाएक मिनिटं चाललो असू. सेंट मार्क्स प्लेसवर पायऱ्या उतरून खाली एक हॉट डॉगचं दुकान. तळणीचा वास, गर्दी, कोपऱ्यात लाकडी टेलिफोन बूथ. भाचीनं बूथचं दार सरकवलं, आम्ही दोघी आत, पोटं आत ओढून. तिनं रिसीव्हर उचलला, नाव सांगितलं, आणि समोरची भिंत दारासारखी उघडली. पलीकडे ठेंगण्या छताची, विटांची, अंधारी खोली. भिंतीवर भुसा भरलेली जनावरं. दारातल्या मुलानं माझा पासपोर्ट मागितला. केस पांढरे, गुडघ्याला पट्टा, आणि हा माझी जन्मतारीख तपासतोय! एकवीस पूर्ण आहेत ना, याची खात्री करून त्यानं तो अदबीनं परत दिला. दुसरं काही विचारलं नाही.

बूथमधल्या त्या पाच-सात सेकंदांत, रिसीव्हर भाचीच्या कानाला आणि माझं नाक तिच्या खांद्याला, मला तो मरून पडदा आठवला. मी आयुष्यात पहिल्यांदा कुठल्यातरी पडद्याच्या आत जात होते, आणि त्यासाठी अटलांटिक ओलांडून आले होते.

भाचीनं मागवलं ते पेय तिथलं प्रसिद्ध आहे. बेकनची, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाची चरबी बुर्बन व्हिस्कीत मुरवायची, मग ती गार करून चरबी काढून टाकायची. मागे उरतो तो नुसता धुराचा वास. वरून मेपलचा पाक. मी एक घोट घेतला. होळीच्या दुसऱ्या दिवशी अंगाला येतो तसा वास. वाईट नव्हतं. ग्लासाला वीस डॉलरच्या आसपास, टिप वेगळी. मी मनात रुपये करून पाहिले आणि मग करायचं सोडून दिलं.

ही लपवालपवी सगळी खोटी आहे, हे भाचीलाही ठाऊक आहे. बूथचा पत्ता नकाशावर आहे, टेबल आधी राखून ठेवता येतं, परवाना रीतसर आहे. २००७ पासून हा बूथ रोज लोकांना ‘गुपचूप’ आत घेतोय. खरी लपवालपवी त्याच्या कितीतरी आधीची. अमेरिकेनं जानेवारी १९२० मध्ये देशभर दारूबंदी आणली आणि ५ डिसेंबर १९३३ ला ती उठली. या तेरा-चौदा वर्षांत न्यूयॉर्कमध्ये दारामागे दार, कपाटामागे जिना असा सगळा कारभार चालला. बावन्नाव्या रस्त्यावर ट्वेन्टी वन नावाचा क्लब होता. पोलीस आले की तिथं एक कळ दाबायची. फळ्या तिरक्या होत, बाटल्या खाली घरंगळून फुटत आणि झडतीत सापडायचा फक्त वास. दारूचं खरं तळघर होतं शेजारच्या एकोणीस नंबरच्या इमारतीखाली, विटांच्या दोनेक टन वजनाच्या दारामागे. भिंतीतल्या एका बारीक भोकात लांब तार घातली की ते उघडायचं. आमच्या इमारतीत दारू नाही, असं नोकर शपथेवर सांगत, आणि ते खरंच असायचं. आपल्याकडच्या कुठल्याही पुजाऱ्याला ही युक्ती आवडली असती.

अशा चोरट्या बारला तिकडे म्हणतात तो ‘स्पीकईझी’ हा शब्द मात्र दारूबंदीच्या आधीचा. १८८० च्या दशकात पेनसिल्व्हेनियात दारूच्या परवान्याची फी ५० डॉलरवरून एकदम ५०० केली. ज्यांना ती परवडेना त्यांनी विनापरवाना धंदा चालू ठेवला. पिट्सबर्गजवळची एक विधवा दुकानदारीण गिऱ्हाईकांचा आवाज चढला की म्हणायची, हळू बोला रे पोरांनो. शब्द त्यावरून आला, अशी तिथली आख्यायिका. असेल-नसेल, पण आवाज खाली ठेवायला सांगणारी बाई होती, हे मला खरं वाटतं.

एक गोष्ट मात्र आख्यायिका नाही. दारूबंदी यावी म्हणून तिकडे सगळ्यांत जास्त झटल्या त्या बायकाच. १८७४ मध्ये त्यांनी त्यासाठी संघटना काढली होती. नवरे पगार सलूनमध्ये, म्हणजे तिकडच्या दारूच्या गुत्त्यात, उडवून घरी येऊन मारायचे, आणि कायद्यानं बाईच्या हातात काही नव्हतं. सलूनमध्ये तिला जागाच नव्हती, म्हणून ते बंद व्हावं असं तिला वाटलं तर नवल काय? आणि मग दारूबंदी आल्यावर गंमत अशी झाली, की चोरून चालणाऱ्या बारवाल्यांना जुने नियम पाळायचं कारणच उरलं नाही. कायदा मोडायचाच आहे तर बायकांनाही येऊ दे. पुरुषांच्या शेजारी बसून बाई चारचौघांत प्यायला लागली ती तिथं, त्या लपलेल्या खोल्यांत. त्याच १९२० च्या ऑगस्टमध्ये त्यांना मताचा हक्कही मिळाला होता. पुढे दारूबंदी उठवा म्हणणाऱ्या बायकांचीही मोठी संघटना झाली.

म्हणजे मॅकसोर्लीजच्या उघड्या दारातून बाई आत गेली १९७० मध्ये आणि न्यूयॉर्कच्या लपलेल्या दारांतून गेली त्याच्या चाळीस-पन्नास वर्षं आधी.

परत आल्यावर हे सगळं मी आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना रंगवून सांगितलं. त्या पोळ्या लाटत ऐकत होत्या. टेलिफोनच्या खोलीतून आत जायचं, बाहेरून काहीच कळत नाही, वगैरे. पोळी तव्यावर टाकून त्या म्हणाल्या, ‘दारूचं दुकान लपवायचे एवढे पैसे घेतात? आमच्या गल्लीतलं लपवा म्हणावं, फुकटात देते.’

त्यांचं बरोबर आहे, आणि हे लिहिताना ते वाक्य माझ्या मानेवर बसलेलं आहे. आपल्या राज्यात नियमच आहे की गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर गावातलं दुकान बंद होतं. उभी बाटली म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. त्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांनी सलून फोडणाऱ्या अमेरिकन बायकांचं नाव ऐकलेलं नसेल, पण ओळखायला वेळ लागणार नाही. तेव्हा मी काही दारूच्या बाजूनं झेंडा घेऊन निघालेले नाही. मला फक्त त्या पडद्याचं कुतूहल आहे.

आमच्याकडे तो पडदा आला कुठून? मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. १९५० पासून सबंध मुंबई राज्यात दारूबंदी, म्हणजे नाशिकलाही. अमेरिकेत बंदी होती ती करण्या-विकण्या-नेण्यावर. प्यायला बंदी नव्हती. आपल्याकडे पिणंसुद्धा परवान्याशिवाय गुन्हा. तब्येतीसाठी लागते म्हणून परवाना काढता यायचा. अमेरिकेतही डॉक्टर व्हिस्कीची चिठ्ठी लिहून द्यायचे, दहा दिवसांना एक पाइंट. माणूस इथला असो की तिथला, औषध म्हणून सगळं चालतं. मुंबईत वांद्रे, माहीम, धोबी तलाव भागात गोवेकर ख्रिस्ती बायकांच्या घरी अड्डे चालायचे. आंटीचा अड्डा. बाहेरची खोली घराची, पडद्याआड बाकडी, आणि गिऱ्हाइकानं जास्त घेतली तर आंटीच त्याला दटावून घरी पाठवणार. इकडे आमच्या बाजूला हातभट्टी: गूळ, नवसागर आणि नदीनाल्यात पुरलेले पिंप. सायकलच्या नि मोटारीच्या ट्यूबमध्ये भरून ती शहरात यायची.

साठच्या दशकात आणि पुढे सत्तरच्या सुरुवातीला बंदी ढिली झाली, पण कायदा गेला नाही. गंमत पाहा, महाराष्ट्रातला प्रत्येक बार आजही दारूबंदी कायद्याखालीच चालतो. म्हणून पाटीवर ‘बार’च्या आधी ‘परमिट रूम’. परवाना असणाऱ्यांनी बसायची खोली. १९६० मध्ये गुजरात वेगळा झाला तेव्हा हाच कायदा त्यांच्याही वाट्याला गेला. तिकडे त्याची अजून बंदी आहे आणि इकडे त्याचा परमिट रूम झाला. परवानेही अजून आहेत. एका दिवसाचा पाच रुपयांना, वर्षाचा शंभराला, आजन्म हजाराला. बीअरसाठी वय एकवीस, कडक दारूसाठी पंचवीस. बाई असावी की पुरुष, याबद्दल कायदा अवाक्षर काढत नाही. पडद्याचाही त्यात उल्लेख नसणार. तो आम्ही आमच्या खर्चानं लावला. तीर्थक्षेत्र आहे ना! रामकुंडावर देशभरातून माणसं अस्थी घेऊन येतात, कुंभाला लाखोंनी येतात, आणि शहराच्या दुसऱ्या अंगाला हाच धंदा. दोन्ही एका गावात नांदवायचं तर मधे काहीतरी टांगावंच लागतं.

पण पडदा दारालाच असतो असं थोडंच आहे?

आमच्या वाड्यात माझी आत्या राहायची. फार लहानपणी विधवा होऊन माहेरी आलेली. माजघरात तिचं एक फडताळ होतं, भिंतीतलं, दोन झडपांचं, आणि त्यात सुंठवड्याच्या डब्यामागे ब्रँडीची बाटली. थंडीची, म्हणून. बाबा ती वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचे आणि कुणी काही न बोलता ती तिथं जायची. लहान मुलाला औषध पाजायचं चांदीचं बोंडलं तिच्याकडे होतं. त्याच्या चोचीपर्यंत भरून ती मोजून दोन बोंडली घ्यायची, रात्री निजायच्या आधी, भिंतीकडे तोंड करून. नाशिकची थंडी दिवाळीनंतर येते आणि होळीला जाते. आत्याची थंडी वर्षभर असायची. ब्रँडी घेतली की ती जरा मोकळी व्हायची, तिच्या सासरच्या गावच्या नदीचं काहीबाही सांगायची. त्या वेळी सगळं घर आवाज खाली ठेवायचं. आई भांडी हळू घासायची. मला वाटायचं, आत्याला झोप यावी म्हणून.

रिकाम्या बाटल्या ती टाकायची नाही. लेबल भिजवून काढायची, राखेनं घासायची आणि त्यात गंगेचं पाणी भरून ठेवायची. (नाशिकचा माणूस गोदावरीला गंगाच म्हणतो, बाहेरच्यांना सांगून ठेवते.) १९९१ मध्ये ती गेली. तोंडात गंगा घालायची म्हणून बाबांनी फडताळातून हाताला लागली ती बाटली काढली. चपटी, खांद्याशी ‘एक्सेल’सारखी काहीतरी कोरीव अक्षरं, लेबलाच्या डिंकाचा चौकोन अजून शिल्लक. शेजारच्या काकू बाटलीकडे पाहत राहिल्या. अंडंवाले काका तिथंच उभे होते. ते काकूंना म्हणाले, ‘काचेला काय विटाळ?’ एवढंच.

मग द्राक्षमळे आले. म्हणजे मळे होतेच. माझ्या मामाचा निफाडला होता, टेबलावर खायच्या द्राक्षांचा. पण २००० पासून इकडे वाइन जोरात व्हायला लागली. गंगापूर धरणाच्या बाजूला सुलाची पहिली वाइन २००० ची, आणि २००५ मध्ये त्यांनी चाखायची खोली उघडली. २००१ मध्ये सरकारनं धोरण काढलं, विंचूरला वाइन पार्क झाला, दिंडोरीत आणि इगतपुरीकडे वाइनरी उभ्या राहिल्या. आम्ही बँकेतल्या पाच जणी पहिल्यांदा गेलो ती २००७ मध्ये, एका शनिवारी, घरी ‘धरणाकडे चाललोय’ सांगून. खोटंही नव्हतं, बाल्कनीतून धरण दिसतं. उंच स्टुलावर बसलो, शेनँ ब्लाँ नावाचं काहीतरी मागवलं, आणि शेजारच्या टेबलावर बघते तर माझी एक मावसवहिनी, तिच्या भिशीच्या मैत्रिणींसोबत. ती म्हणाली, ‘व्ह्यू छान आहे ना!’ मी म्हटलं, ‘फारच.’ पुन्हा तोच करार.

तिथं पडदा नव्हता. सगळं उघड, उन्हात, मुलं इकडून तिकडे पळताहेत. ‘वाइन चालते हो, ती काय दारू थोडीच,’ असं आमच्या नात्यातले सोवळे लोकही म्हणायला लागले. मला मात्र वाटतं, ती चालते कारण तिचं मेन्यूकार्ड इंग्रजीत असतं. त्याच मळ्यात हिवाळा सरता सरता घड तोडायला ज्या बाया येतात, डोक्याला रुमाल बांधून, कैची हातात, त्या मागच्या फाटकातून येतात आणि मागच्याच फाटकातून जातात. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या असतील तर गावी लग्नकार्यात मोहाची घेताना त्यांना कुठल्याही पडद्याची गरज पडत नाही. आधी देवाला थेंब, मग बाया-पुरुष सगळे. पडद्याची भानगड आमच्या वाड्यातली.

न्यूयॉर्कहून आले आणि मी दोन कामं केली. पहिलं, आजन्म परवान्याचा ऑनलाइन अर्ज. फोटो, आधार, हजार रुपये. मुलगा हसला. नवरा म्हणाला, ‘तुला कोण विचारणार आहे?’ त्याला स्वतःला ॲसिडिटी आहे, तो ताकापलीकडे जात नाही. मी परवाना पर्समध्ये ठेवला, पासपोर्ट ठेवतात तसा, प्लॅस्टिकच्या पाकिटात.

दुसरं काम करायला दोन महिने लागले. आमचा वाडा पाडून तिथं इमारत झालीय, पण ती परमिट रूम आहे तिथंच आहे. मरून पडदा गेला, आता काळी फिल्म लावलेलं काचेचं दार आहे, त्यावर ‘वातानुकूलित’ आणि ‘फॅमिली रूम वर’, बाण जिन्याकडे. ऑगस्टमधल्या एका दुपारी, पाऊस भुरभुरत असताना, मी रस्ता न ओलांडता सरळ गेले आणि दार ढकललं. आत थंडगार. फिनेल, तळलेली डाळ आणि ओल्या छत्र्यांचा वास. चार-पाच टेबलांवर माणसं. कुणी दचकलं वगैरे नाही, फक्त बोलणी थोडी खाली आली.

वेटर लगबगीनं आला. ‘मॅडम, पार्सल?’

‘नाही, बसायचंय.’

‘फॅमिली वर आहे मॅडम.’

‘इथंच बसते.’

त्यानं काउंटरकडे पाहिलं. काउंटरवाल्यानं खांदे उडवले. भिंतीलगतचं टेबल त्यानं फडक्यानं दोनदा पुसलं. मी बसले आणि पहिल्यांदा खाली माझ्या चपलांकडे पाहिलं. एक बीअर आणि उकडलेली अंडी मागवली. ‘बॉइल एग, दोन,’ त्यानं आत ओरडून सांगितलं. परवाना मी पर्समधून काढून टेबलाच्या कडेला ठेवला, दिसेल असा. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. वेटरनं त्यावर मिठाची वाटी ठेवली.

अंडी आली. मी सोलायला घेतलं. पट्टी काही अखंड निघेना, चुराच होत होता. वेटर बीअर घेऊन आला तेव्हा त्याच्या दुसऱ्या हातात दोन ग्लास होते. एक त्यानं सावकाश, फेस न येऊ देता, भरून माझ्यापुढे ठेवला. दुसरा समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे पालथा घातला.

‘सर आले की भरतो,’ तो म्हणाला.